पडद्यावरची गझल आणि फळ्यावरचे अक्षर

बी.एड.चा अभ्यासक्रम २०१५ पासून दोन वर्षांचा झाला, तेव्हा त्यात माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाचे चिकित्सक आकलन हा भागही आला. यातील ‘चिकित्सक’ हा शब्द सरावपाठाच्या वर्गापर्यंत क्वचितच पोहोचतो. पाठटाचणात शैक्षणिक साधनांपुढे ‘प्रोजेक्टर’ लिहिले की काम झाले, असा आमच्या भावी शिक्षकांचा समज दिसतो.

मध्यंतरी एका उर्दू पाठाचे निरीक्षण केले. छात्राध्यापिकेने २०१३ मध्ये सुरू झालेल्या ‘रेख्ता’ या संकेतस्थळावरील गझल भिंतीवर दाखविली. एखादा दीवान पाहावयास ग्रंथालयांचे उंबरठे झिजविणाऱ्या आमच्या पिढीला हे संकेतस्थळ वरदानच वाटते. तेथे मजकूर उर्दू, देवनागरी व रोमन अशा तीन लिप्यांत मिळतो आणि शब्दावर टिचकी मारली की अर्थ समोर येतो. छात्राध्यापिकेने देवनागरी निवडली. मुले मराठी परिसरातील. वाचन भराभर झाले.

माझा आक्षेप नेमका येथे आहे. नुक्त्याचा एकच ‘ज़’ उर्दूतील जाल, जे, ज्वाद आणि जोय या चार अक्षरांचे काम करतो. ‘नजर’ जोयने लिहितात, ‘नजराणा’ जालने. एक शब्द पाहण्याचा, दुसरा भेट देण्याचा. अरबी धातूही वेगळे. देवनागरीत मात्र दोघे सख्खे भाऊ वाटतात. पाठानंतर हे दोन शब्द उर्दूत लिहावयास मी पाच मुलांना फळ्याकडे बोलाविले. चौघांनी दोन्ही ‘जे’ने लिहिले. पाचव्याने खडू तसाच ठेवून दिला.

अर्थाचेही तेच. ‘शिकस्त’ म्हणजे उर्दूत पराभव. मराठीत आपण प्रयत्नांची शिकस्त करतो. ‘राजीनामा’ तिकडे तडजोडीचा लेख, इकडे पद सोडल्याचा. घरी-बाजारात मराठी ऐकणाऱ्या मुलाच्या मनात दुसरा अर्थ आधीच बसलेला असतो. यंत्राला ते ठाऊक नसते, शिक्षकाला असावयास हवे. मोल्सवर्थचा मराठी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) व प्लॅट्सचा उर्दू कोश (१८८४) हे दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात. ते शेजारी-शेजारी उघडून हा फरक मुलांकडूनच शोधून घेता आला असता. प्रोजेक्टरचा असा उपयोग कोणी केला तर मी पहिल्या बाकावर जाऊन बसेन.

छात्राध्यापिका म्हणाली, “सर, उर्दू लिपी लावली असती तर वाचनातच तास संपला असता.” तिचे म्हणणे खोटे नव्हते. पण टाचणात पाठाचे पहिले उद्दिष्ट तिने स्वतःच ‘वाचन’ असे लिहिले होते. निरीक्षण-तक्त्यात साधनांच्या वापरास पाच गुण होते, लिपीसाठी रकानाच नव्हता. मी पाचपैकी पाच दिले आणि शेरा मागच्या कोऱ्या बाजूस लिहिला.