मंदींतले माग

मंदीचा इतिहास लिहितांना लेखकांची दृष्टि सहसा गिरणीच्या धुराड्याकडे लागलेली असते. धुराडें थंड पडलें म्हणजे त्याची वार्ता सर्वांस कळते. परंतु एखाद्या बोळांतील चार मागांचा कारखाना मंदींत कसा तगला आणि कोणाच्या जिवावर तगला, याची चौकशी करण्यास फारसें कोणी जात नाहीं. ही चौकशी ज्या थोड्या ग्रंथांनीं मनापासून केली आहे, त्यांत डग्लस हेन्स या अमेरिकन इतिहासकाराचा ‘स्मॉल टाउन कॅपिटॅलिझम इन वेस्टर्न इंडिया’ हा, केंब्रिज विद्यापीठाच्या मुद्रणालयानें २०१२ सालीं प्रसिद्ध केलेला ग्रंथ आम्ही अग्रभागीं ठेवूं. १८७० पासून १९६० पर्यंतचा काळ त्यांत आला आहे. ग्रंथ इंग्रजींत असला तरी त्याचा विषय आपल्याच घरांतील लुगड्याचा आहे. म्हणून मराठी वाचकांपुढें त्याचें परीक्षण ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

विलायती कापड आलें, गिरण्या निघाल्या आणि विणकर बुडाला, असा एक समज आपल्याकडे पक्का झाला आहे. ग्रंथकारास तो मान्य नाहीं. विणकाम बुडालें नाहीं, त्याचें रूप पालटलें, असें त्याचें म्हणणें आहे. आणि तें पालटविणारे पुष्कळसे लोक बाहेरून आलेले होते. तेलंगणांतील पद्मशाली दुष्काळाला कंटाळून व कामाच्या शोधार्थ सोलापुरास आले. उत्तर हिंदुस्थानांतील मोमीन विणकर १८५७ च्या धामधुमीनंतर मालेगांव-भिवंडीकडे उतरले. परक्या मुलखांत त्यांस ना जमीन ना वतन. हातांतली विद्या आणि आधीं येऊन राहिलेले जातभाई, एवढेंच त्यांचें भांडवल. नवागतास जातभाईच्या ओसरीवर जागा मिळे, त्याच्याच मागावर काम मिळे, आणि कांहीं वर्षांनीं त्यांतलाच एखादा स्वतः कारखानदार होई.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीचें विवेचन हा ग्रंथाचा उत्तम भाग होय. कापडाचे भाव कोसळले, शेतकऱ्याच्या हातीं पैसा राहिला नाहीं, जपानी माल बाजारांत आला. अशा वेळीं हे लहान कारखानदार आधीं बुडावयाचे. परंतु त्यांच्यांतील कांहींनीं उलट डोकें वर काढलें. कोणी सुताऐवजीं कृत्रिम रेशीम धरलें, कोणी किनारीचे नवे नमुने काढले, कोणी गिरण्यांनीं मोडींत काढलेले जुने यंत्रमाग स्वस्तांत घेऊन ते विजेवर चालविले. हा विरोधाभास लेखकानें मोठ्या साक्षेपानें उलगडला आहे. कारागीर म्हणजे केवळ करुणेचा विषय, ही आपली समजूत त्यानें मोडली, याबद्दल आम्ही त्याचे ऋणी आहों.

तथापि ग्रंथ मिटल्यावर मनांत एक शंका उरते. मजुरांची स्थिति लेखक लपवीत नाहीं. कारखानदार विणकरास उचल देतो, उचल फिटत नाहीं आणि विणकर त्याच मागाशीं जखडून राहतो, हें त्यानें स्पष्ट दाखविलें आहे. आमचा आक्षेप भर कोठें पडतो याविषयीं आहे. या कथेचा नायक कारखानदार आहे, आणि मंदींतून निभावून जाण्याचें श्रेय त्याच्या हिकमतीस मिळतें. पण भाव उतरला म्हणजे तोटा नाहींसा होत नाहीं. तो एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो. व्यापारी तो कारखानदारावर लोटतो, कारखानदार विणकरावर, आणि विणकर घरांतील बायकापोरांवर. ताणा करणें, खळ देणें, कांड्या भरणें हीं कामें घरच्या माणसांनीं केलीं, म्हणून त्यांची मजुरी कोणाच्याच वहींत चढत नाहीं. सोलापुरांत पद्मशाली घरांतल्या बायका विड्या वळूं लागल्या. मागाचें काम थंडावलें तरी चूल पेटती राहिली ती पुष्कळदां या विड्यांवर. मग त्या घरानें टिकाव धरला तो कोणाच्या हिकमतीनें? १९४८ च्या फॅक्टरी कायद्यानें विजेवर चालणाऱ्या व दहा किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांस नियम लागू केले. तेव्हां एकाच छपराखालच्या कारखान्याचे कागदोपत्रीं दोन-तीन तुकडे करून कायद्याबाहेर राहणें, हीहि एक हिकमतच ठरली! लवचिकपणाची स्तुति करण्यापूर्वीं वांकलेली पाठ कोणाची, हें विचारलें पाहिजे.

दुसरी गोष्ट अशी कीं, ग्रंथाचा नकाशा मुंबई इलाख्याच्या सीमेशीं संपतो. ही मर्यादा लेखकानें उघडपणें घालून घेतली आहे, व ती रास्त आहे. परंतु मराठी वाचकास वैनगंगेचा मुलूख आठवल्यावांचून राहत नाहीं. भंडारा जिल्ह्यांतील मोहाडी तालुक्याचें आंधळगांव हें विणकरांचें जुनें गांव. रेशीमकांठी वस्त्रांसाठीं भंडारा, पवनी, मोहाडी यांच्या बरोबरीनें त्याचें नांव घेतलें जाई, आणि जंगलांतील ऐनाच्या झाडांवर वाढणाऱ्या कोशाच्या कापडासाठींहि तें ओळखलें जातें. सोलापुरास बाहेरून विणकर आले. इकडच्या विणकरापुढें वाट होती ती नागपूरची. तेथें १८७७ सालीं एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि २००२ सालीं तीहि बंद पडली. भंडाऱ्याकडेहि बायकांच्या पुढ्यांत तेंदूपानाचें सूप आलेंच. परक्या गांवीं गेलेल्यास जातभाईंचा आधार मिळाला, हें ग्रंथानें पटविलें. जो गेला नाहीं, जुन्याच मागावर बसून राहिला, त्यास मंदींत कोणाचा आधार होता? जो तगला त्याचा कारखाना राहिला, म्हणून त्याचा इतिहास लिहितां आला. जो मोडला त्याचा माग जळणांत गेला आणि नांव दप्तरांतून नाहींसें झालें. तगलेल्यांच्या साक्षीवरून संकटाची खोली मोजणें धोक्याचें आहे.

हा वाद निव्वळ पांडित्याचा नाहीं. मार्च २०२० मध्यें टाळेबंदी झाली, भिवंडीचे यंत्रमाग थांबले, आणि ते चालविणारे परप्रांतीय कामगार शेंकडो कोस पायीं आपल्या गांवीं निघाले. ज्या दिशेनें पूर्वीं मोमीन विणकर आले, त्याच दिशेस ही माणसें परतत होतीं. त्या वेळीं कारखानदार कसे निभावले याचा ग्रंथ पुढेंमागें कोणीतरी लिहील. त्यानें हेन्स यांचा साक्षेप जरूर घ्यावा. पण चौकशीचा आरंभ मात्र पायीं निघालेल्यांपासून करावा.

या ग्रंथाचें मराठी भाषांतर व्हावें, अशी आमची मनापासून शिफारस आहे. त्याचबरोबर नागपूर-भंडाऱ्याकडील एखाद्या अभ्यासकानें आंधळगांवच्या विणकरांचा असाच तपशीलवार इतिहास लिहावयास घ्यावा. कारखानदारांच्या वह्या त्यानें पाहाव्याच. परंतु त्या उघडण्यापूर्वीं, जन्मभर कांड्या भरलेली एखादी म्हातारी गांवांत असेल तर आधीं तिच्यापाशीं जाऊन बसावें.