हा ‘चार’ कुठून आला?

सिनॉप्सिसच्या प्रेझेंटेशनमध्ये माझ्या स्लाइडवर एक वाक्य होतं: अ‍ॅक्सलवरचा भार दुप्पट झाला की रस्त्याचं नुकसान सोळा पट होतं, कारण नुकसान भाराच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतं. समितीतल्या एका सरांनी विचारलं, “हा चार कुठून आला?” मी म्हटलं, “आयआरसी:३७ मध्ये आहे, सर.” “आणि तिथे कुठून आला?” मी गप्प. माझी एम.एस्सी. संख्याशास्त्रातली आहे, सिव्हिलमध्ये आले ती डेटाच्या वाटेने. म्हणजे हा प्रश्न खरं तर मीच विचारायला हवा होता.

मग मूळ रिपोर्ट मिळवून वाचला. अमेरिकेच्या हायवे रिसर्च बोर्डाचा स्पेशल रिपोर्ट ६१ई, साल १९६२. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ डांबरी आणि काँक्रीट रस्त्यांचे सहा लूप बांधले आणि १९५८ ते १९६० अशी दोन वर्षं त्यावर लष्कराच्या जवानांनी रात्रंदिवस ट्रक फिरवले. २,००० पौंडांपासून ३०,००० पौंडांपर्यंतचे सिंगल अ‍ॅक्सल, शिवाय टँडेम. अकरा लाखांहून जास्त फेऱ्या. याला आशो रोड टेस्ट म्हणतात.

आधी कौतुकाचं बोलते, कारण ते मनापासून आहे. थरांच्या जाडीची सगळी कॉम्बिनेशन्स आखून बांधली होती, काही तुकडे मुद्दाम दोनदा बांधले होते, आणि पहिल्या लूपवर वाहतूक सोडलीच नाही, म्हणजे नुसत्या हवामानाचा परिणाम वेगळा कळावा. प्रयोगाची आखणी कशी करावी हे शिकायला मला आमच्या पाठ्यपुस्तकापेक्षा हा रिपोर्ट जास्त उपयोगी पडला.

पण त्यात ‘चौथ्या घाताचा नियम’ शोधायला जाल तर हात हलवत परत याल. डांबरी रस्त्याच्या समीकरणात ‘भार अधिक एक’ या संख्येवर ४.७९ हा घात आहे, आणि वक्राचा आकार ठरवणारं दुसरं पद भारावर आणि जाडीवर अवलंबून आहे. त्यामुळे एका अ‍ॅक्सलची दुसऱ्याशी तुलना केली की उत्तर रस्त्याच्या जाडीप्रमाणे बदलतं. चार हे त्या सगळ्याचं सोयीसाठी केलेलं गोल रूप. गोल करण्यात चूक काहीच नाही. गोल केलंय हे विसरणं ही चूक.

आणखी एक गोष्ट मी दोनदा वाचून खात्री केली. प्रत्येक लेनवर एकाच प्रकारचा, एकाच भाराचा ट्रक फिरत होता. हलका आणि जड ट्रक एकाच लेनवर एकामागून एक कधी गेलेच नाहीत! आणि आपण या आकड्याचा उपयोग नेमका कशासाठी करतो? मिश्र वाहतुकीची बेरीज करून सगळी वाहनं ८० किलोन्यूटनच्या ‘स्टँडर्ड अ‍ॅक्सल’मध्ये बदलण्यासाठी. म्हणजे जी बेरीज आपण रोज करतो, ती तिथे तपासलीच गेली नव्हती.

‘नुकसान’ या शब्दाचा अर्थही बघा. तिथे शून्य ते पाच गुणांचा सेवाक्षमता निर्देशांक होता आणि १.५ वर आला की तो तुकडा बाद. या गुणात सगळ्यात जास्त वजन पृष्ठभागाच्या खडबडीतपणाला. भेगांना आणि चाकोरीला त्यामानाने फारच कमी. माती एकच, चिकणमाती. हवामान एकच, आणि डांबरी तुकड्यांची बरीचशी पडझड बर्फ वितळण्याच्या दिवसांतली. आपल्याकडे काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिचं वेळापत्रक वेगळं.

आता आयआरसी:३७ ची २०१८ ची आवृत्ती उघडा. व्हेइकल डॅमेज फॅक्टर काढताना घात ४. पण त्याच पुस्तकात डांबराच्या फटीग समीकरणात ताणावरचा घात ३.८९, चाकोरीच्या समीकरणात ४.५३३७, आणि सिमेंट मिसळून पक्क्या केलेल्या बेसच्या, म्हणजे सीटीबीच्या, समीकरणात १२! ताण भाराच्या प्रमाणात वाढतो असं धरलं तर दुप्पट भाराला डांबराचं नुकसान सुमारे १५ पट, चाकोरीचं २३ पट आणि सीटीबीचं ४,०९६ पट. डांबरी थरापुरता चार चालून जातो. सीटीबीला अजिबात नाही. कोडलाही हे माहीत आहे, म्हणून तर सीटीबीसाठी अ‍ॅक्सल लोड स्पेक्ट्रम घेऊन वेगळं गणित करायला सांगितलंय. थिसिसमध्ये मात्र तो भाग वगळून सरसकट चार वापरलेला मी पाहिलाय. माझा पहिला ड्राफ्टही त्यातलाच.

हे नुसतं कागदावरचं नाही. २०१८ मध्येच केंद्राने चार टायरच्या सिंगल अ‍ॅक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. भार पावणेतेरा टक्के वाढला. पूर्ण भरलेल्या अ‍ॅक्सलसाठी चार घालून बघा: नुकसान ६२ टक्के जास्त. बारा घालून बघा: चौपटीहून जास्त. आधीच बांधून झालेल्या रस्त्याचं आयुष्य यातल्या कोणत्या आकड्याने मोजायचं, हे ‘कोडमध्ये आहे’ म्हणून सुटत नाही.

रिपोर्ट जाडजूड आहे. सगळा नका वाचू. प्रयोगाच्या आखणीचं प्रकरण आणि डांबरी रस्त्यांचं प्रकरण, एवढं पुरे. समीकरणं बघण्याआधी मोजलेले बिंदू आणि त्यांमधून काढलेली रेषा असलेल्या आकृत्या बघा, म्हणजे बिंदू रेषेपासून किती दूर पांगलेत ते कळेल.

माझ्या स्लाइडवर आता चार नाही, तीन वेगवेगळे घात आहेत. मिश्र वाहतुकीच्या बेरजेचं काय करायचं, ते तिसरं प्रकरण अजून लिहून व्हायचंय.