चिनी शिलाठसे : कालनिर्णय व मूल्यनिर्णय

चिनी शिलाठशांच्या सूचींत ‘हान काळातील ठसा’ अशी नोंद वारंवार आढळते. ती बहुधा भ्रामक असते. कारण काळ दिलेला असतो तो शिल्पाचा, आणि हाती असतो तो कागद. शान्तुंग प्रांतातील वू घराण्याची स्मृतिमंदिरे दुसऱ्या शतकातील होत; परंतु मातीखाली गेलेले त्यांचे शिलाखंड ह्वांग यी या विद्वानाने १७८६ मध्ये पुन्हा उजेडात आणले. तेथील रथांच्या मिरवणुकींचे आज आढळणारे ठसे बहुतांशी त्यानंतरचे आहेत.

ठशाचे परीक्षण तीन प्रश्नांनी व्हावे. पहिला : हा ठसा आहे काय? ओलसर कागद दगडावर बसवून, ब्रशाने ठोकून तो कोरीव खाचांत दाबतात. कागद सुकत आला म्हणजे शाईचा बोळा वरून हलकेच टेकवितात. म्हणून अक्षरे पांढरी, भूमी काळी आणि लेख सुलटा उमटतो. खऱ्या ठशात खाचांचा उठाव कागदावर राहतो. मागे दुसरा कागद चिकटविल्यास तो मंदावतो. छापील प्रतिकृतीत तो नसतोच.

दुसरा प्रश्न : ठसा कोणत्या दगडाचा? लाकडी फळीवर वा नव्या दगडावर पुन्हा कोरलेल्या नकलांचेही ठसे निघतात. ते रीतीने खरे, पण साक्षीने दुय्यम होत.

तिसरा प्रश्न : तो केव्हा घेतला? येथे दगडाची झीजच पंचांगाचे काम करते. आज फुटलेले अक्षर ठशात अखंड असेल, तर ठसा त्या भंगापूर्वीचा ठरतो. मात्र ते अक्षर मागाहून शाईने भरलेले नाही, अशी खात्री करून घ्यावी लागते. संग्राहकांच्या मुद्रा व अभिप्राय उपयुक्त असले तरी ते मागाहून जोडता येतात. म्हणून त्यांना दुसरे स्थान द्यावे.

मूल्याचा निर्णय यातूनच होतो. ह्वा पर्वताच्या मंदिरातील १६५ मधील शिलालेख १५५६ च्या भूकंपात नष्ट झाला; आता त्याचे मोजके जुने ठसे हेच त्या लेखाचे अस्तित्व होय. सम्राट थाइत्सुंग याच्या उष्णोदक-लेखाचा दगडही लुप्त झाला. तुनह्वांग येथे सापडलेला त्याचा ठसा पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्यावरील सातव्या शतकातील हस्तलिखित नोंद ठशाच्या काळाची उत्तरमर्यादा ठरविते. याउलट, सुस्थितीतील दगडाचा अलीकडील ठसा कितीही देखणा असला, तरी तो शोभेची वस्तू म्हणूनच मोलाचा.

आपल्याकडील ताम्रपट-शिलालेखांचे वाचनही पुष्कळदा ठशांवरूनच होते. त्यामुळे हा विवेक आपल्या अभ्यासकांनाही परका नाही. सूचिकाराने शिल्पाचा काळ व ठशाचा काळ स्वतंत्र रकान्यांत नोंदवावा. दोहोंची गल्लत झाल्यास विक्रेत्याचा लाभ होतो. संशोधनाच्या वाट्याला मात्र खोटा पुरावा येतो.