जॅक मार्शलवर संशय कुणी घेतला?

2016 मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा नाईकांच्या वाड्यातल्या एकेका माणसावर आमच्या घरात संशय घेऊन झाला. काकूंचा तर्क मात्र शेवटपर्यंत एकच : ‘जमिनीचं काहीतरी असणार.’ मालिकेनं भुताखेतांचा एवढा धुरळा उडवला, तरी काकू वाटणीवर अडून बसल्या. खुनी कोण यात त्यांना फारसा रस नव्हता. ‘त्याला त्यातून मिळणार काय?’ एवढंच त्या विचारत. रहस्यमालिका बघावी ती काकूंसारखी. (पुढे काही मालिकांची उत्तरं फोडली आहेत. ज्यांना बघायच्या असतील त्यांनी लेख इथेच ठेवून द्यावा.)

‘डॅलस’ या अमेरिकी मालिकेत 21 मार्च 1980 रोजी जे. आर. युइंगला गोळी लागली. ती कुणी झाडली हे कळायला 21 नोव्हेंबर उजाडला. मधे कलाकारांचा संप झाला होता. आठ महिने पैजा लागत राहिल्या. पण या जे. आर.नं इतक्यांना लुबाडलेलं की हेतू सगळ्यांकडेच होता. मग तर्क कसला, ती सोडतच. मेव्हणी क्रिस्टिन निघाली. दुसरं कुणी निघालं असतं तरी कथेचं काही अडलं नसतं. आजच्या बहुतेक रहस्यमालिका याच वाटेनं चालल्या आहेत. हळदीकुंकवाला वाण लुटावं तसं प्रत्येक पात्राच्या हाती एकेक गुपित ठेवायचं, आणि आठव्या भागात त्यातलं एक उघडायचं. कुणाचंही उघडलं तरी चालतं, हीच त्यातली खोट.

‘ब्रॉडचर्च’ (आयटीव्ही, 2013) वरवर पाहता याच साच्यातली. क्रिस चिब्नॉलनं लिहिलेले आठ भाग. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचं गाव, कड्याखाली वाळूत पडलेला अकरा वर्षांचा डॅनी लॅटिमर. डॅनीच्या बापाचं बाहेर प्रकरण, पाद्री जुना दारुडा, एक बाई खोट्या नावानं राहणारी. ब्रिटनमध्ये तेव्हा खुनी कोण यावर सट्टासुद्धा लागला होता. पण चिब्नॉलनं हा संशयाचा खेळ गावातल्या लोकांनाही खेळायला लावला. वर्तमानपत्रं विकणारा म्हातारा जॅक मार्शल मुलांचं सागरी पथक चालवतो. मुलांना तो मिठी मारतो, अशी कुजबुज होते. मग त्याची जुनी शिक्षा कुणीतरी उकरून काढतं : अल्पवयीन विद्यार्थिनीशी संबंध. त्याच मुलीशी त्यानं पुढे लग्न केलं होतं आणि त्यांचा मुलगा सहा वर्षांचा होऊन अपघातात गेला होता. पण तोवर गावाला हेतू सापडलेला असतो. पाचव्या भागात जॅकचं प्रेत किनाऱ्यावर मिळतं. डेव्हिड ब्रॅडलीचा तो ओढलेला, अपमान गिळणारा चेहरा आठवा. चौथ्या भागापर्यंत आपणही सोफ्यावर बसून त्याच चेहऱ्याकडे बोट दाखवलेलं असतं.

आणि खरा खुनी? जो मिलर, तपास करणाऱ्या एलीचाच नवरा. घरी राहून तान्ह्याला सांभाळणारा, चहा विचारणारा. आपल्याला तो दिसत नाही कारण तो सतत दिसतो. पकडल्यावर तो हेतू सांगू लागतो तेव्हा त्याचं त्यालाच ते नीट सांगता येत नाही : डॅनीवर प्रेम होतं म्हणतो, फक्त जवळ घेतलं म्हणतो. काही समीक्षकांना हे अपुरं वाटलं. मला तीच या मालिकेची सर्वांत सच्ची जागा वाटते. नवऱ्याची काळी कृत्यं माहीत नसल्याचं सांगणाऱ्या एका बाईला एलीनं आधी फटकारलेलं असतं, की असं कळत कसं नाही. शेवटच्या भागात डॅनीची आई नेमकं तेच एलीला विचारते.

‘ट्विन पीक्स’चा अनुभव याहून वेगळा. लॉरा पामरचा खुनी सांगायचाच नाही, असं डेव्हिड लिंच आणि मार्क फ्रॉस्ट यांच्या मनात होतं. वाहिनीच्या दबावाखाली 10 नोव्हेंबर 1990 च्या भागात तो दाखवावा लागला : लॉराचा बाप लीलंड. ‘कोण’ संपलं, प्रेक्षक ओसरले, जून 1991 मध्ये मालिका आटोपली. पण लीलंडच्या अंगात शिरलेला बॉब खरोखरच पिशाच्च, की बापाच्या अत्याचाराला कुटुंबानं दिलेलं सोयीचं नाव, हा वाद अजून मिटलेला नाही.

2014 मध्ये फॉक्सनं ‘ब्रॉडचर्च’ची अमेरिकी आवृत्ती काढली, ‘ग्रेसपॉइंट’. दहा भाग, पोलिस अधिकाऱ्याच्या भूमिकेत मूळ मालिकेतलाच डेव्हिड टेनंट. मूळ मालिका पाहिलेल्यांचा तर्क चुकावा म्हणून शेवट बदलला : घाव जो मिलरच्या मुलाच्या हातून चुकून बसलेला, बाप तो स्वतःच्या अंगावर घेतो. तर्क चुकला खरा. पण अपघाताला हेतू नसतो, आणि जो मिलरकडे आता न सांगता येण्यासारखं फारसं काही उरलं नव्हतं. ती मालिका एका पर्वातच संपली. काकूंना ती दाखवली असती, तर त्यांनी बापाची बाजू घेतली असती आणि झोपायला गेल्या असत्या.