सरासरीत हरवलेला धूर

उन्हाळ्यापूर्वी वनखाते जंगलात जाळरेषा काढते. ठरावीक पट्ट्यांतील गवत व पालापाचोळा मुद्दाम जाळून टाकला, की पुढे लागणारा वणवा तेथे अडतो. मोठा धूर टाळण्यासाठी थोडा धूर, असा हा हिशेब आहे. परभणी जिल्ह्यात जंगल थोडेच. येथे जळते ते उसाचे पाचट, कापसाच्या पऱ्हाट्या आणि शेताच्या धुऱ्यावरचे गवत. 'आग आटोक्यात आहे ना, मग झाले' हे समर्थन मात्र येथेही ऐकू येते. आग आटोक्यात असते; धुराचे काय?

या प्रश्नाला राष्ट्रीय हवा गुणवत्ता निर्देशांक अपुरे उत्तर देतो. २०१५ पासून वापरात असलेला हा निर्देशांक २.५ मायक्रोमीटरपर्यंतच्या सूक्ष्म कणांसाठी २४ तासांची सरासरी धरतो. समजा, एका गावात २१ तास दर घनमीटर हवेत २० मायक्रोग्रॅम कण आहेत आणि संध्याकाळी ३ तास धुरामुळे ३००. बेरीज ४२० अधिक ९००, म्हणजे १३२०. भागिले २४, सरासरी ५५. आपल्या २००९ च्या मानकाची मर्यादा ६० आहे. म्हणजे हवा 'समाधानकारक'! दम्याच्या रुग्णाला मात्र त्या ३ तासांत ३०० चीच हवा घ्यावी लागते. दिवसभराच्या प्रदूषणासाठी सरासरी योग्य आहे. काही तासांच्या धुराला तेवढीच पट्टी लावणे योग्य नाही.

'आटोक्यात' या शब्दातही एक अडचण आहे. वारा पडला की आग आवरणे सोपे, म्हणून पुष्कळदा संध्याकाळी पेटवतात. पण निरभ्र रात्री जमीन लवकर निवते. तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वरचा उबदार थर झाकणासारखा बसतो. धूर वर न जाता वस्तीतच रेंगाळतो. आग आवरण्यास जी वेळ सोयीची, तीच धूर विरण्यास सर्वांत वाईट.

जाळरेषेला निदान वणव्याचे कारण आहे. पाचट तर सरीत पसरून कुजवता येते; त्याने ओलही टिकते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळावर ताशी नोंदी मिळतात. विद्यार्थ्यांकडून एका दिवसाचा आलेख काढून घ्यावा, त्यावर सरासरीची आडवी रेषा ओढावी आणि रेषेच्या वर किती तास गेले ते मोजायला सांगावे.