चार कादंबऱ्या आणि माळव्यातला वाचक

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर आमचे वाचन दोन महिने बंद होते. ते पुन्हा सुरू झाले तेव्हा जड ग्रंथांना हात लावण्याचे धैर्य झाले नाही. पावसाळ्याच्या दिवसांत ग्रंथालयातून एकामागून एक चार कादंबऱ्या आणल्या : रणजित देसाई यांची ‘स्वामी’, ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ व ‘झुंज’ आणि विश्वास पाटील यांची ‘पानिपत’. चारही तरुणपणी वाचलेल्या, चारही लोकप्रिय, आणि चारहींची बांधणी वाचकांच्या हातांनी सैल झालेली. आम्ही समीक्षक नव्हे. दुपारी आडवे पडून वाचणारा माणूस जेवढे म्हणू शकतो, तेवढेच येथे म्हणावयाचे आहे. फरक इतकाच की हा माणूस पुण्यात नव्हे, इंदुरात आडवा पडला आहे.

‘स्वामी’ १९६२ साली आली, १९६४ साली तिला साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला. आमच्या घरी आई ती मोठ्याने वाचीत असे आणि थेऊरचे प्रकरण जवळ आले की पुस्तक मिटून स्वयंपाकघरात जात असे. यंदा ते प्रकरण आम्ही एकट्यानेच वाचले. रमाबाई सती जातात तेथे डोळे भरून आले, हे कबूल करावयास हरकत नाही. माधवराव आणि रमाबाई यांच्यामधले अवघडलेपण, राज्याच्या कामातून चोरलेले क्षण, काकांशी चाललेला झगडा, हे सारे आजही पकड घेते.

तथापि एक गोष्ट पूर्वी जाणवली नव्हती, ती या वेळी कानाला लागली. येथे सगळी माणसे एकाच तोलात, घोटून घेतल्यासारखी बोलतात. वास्तविक अठराव्या शतकातील मराठी पत्रे पाहावीत, तर ती फारसी शब्दांनी गच्च भरलेली असतात. आमच्याकडच्या मराठीत हिंदी मिसळते म्हणून पुण्याचे पाहुणे हसतात, आणि आम्हीही ओशाळून ‘सब्जी’ची ‘भाजी’ करतो. त्या ओशाळण्यामागे अशा कादंबऱ्यांतील संवादांचाही थोडा हात असावा. जी मराठी आम्ही अस्सल म्हणून मनाशी बाळगली, ती दफ्तरातली नव्हती. एका कुशल लेखकाने आमच्या डोळ्यांत पाणी आणण्यासाठी घडवलेली होती.

‘राऊ’विषयी थोडक्यात. बाजीराव, मस्तानी, काशीबाई आणि शनिवारवाड्यातील कोंडी ही कथा २०१५ च्या हिंदी चित्रपटामुळे आता नातवंडांनाही ठाऊक आहे. चित्रपटातील झगमगाट वजा केला तर कादंबरी अधिक संयमी वाटते. परंतु माळव्यातला वाचक २९ नोव्हेंबर १७२८ च्या आमझेऱ्याच्या लढाईकडे डोळे लावून बसतो. चिमाजी आप्पांच्या त्या विजयाने आमच्या पूर्वजांची वाट उघडली. कादंबरीचा जीव त्यात नाही, घरातल्या भांडणात आहे. बाजीरावांचा अंत मात्र १७४० साली नर्मदाकाठी रावेरखेडीला झाला. ती समाधी आमच्यापासून एका दिवसात जाऊन येण्याजोगी. पुस्तक मिटल्यावर तिकडे जावेसे वाटले, आणि कादंबरीने एवढे केले तरी पुष्कळ झाले.

आता ‘पानिपत’. १९८८ साली निघालेली ही कादंबरी आम्हांला चारहींत सर्वांत भक्कम वाटली, आणि सर्वांत जास्त अस्वस्थही तिनेच केले. भक्कम अशासाठी की येथे शौर्याच्या जोडीने धान्य, दाणावैरण आणि पैसा यांचा हिशेब चालतो. वेढ्यात अडकलेल्या फौजेबरोबर यात्रेकरू आणि बायकामुले आहेत, थंडी आहे, रसद तुटली आहे. १४ जानेवारी १७६१ चा दिवस उजाडेपर्यंत वाचकालाही उपाशी असल्यासारखे वाटू लागते. सदाशिवरावभाऊंना केवळ हट्टी ठरवून मोकळे होण्याची जुनी रीत पाटील यांनी सोडली, हे त्यांचे श्रेय.

अस्वस्थतेचे कारण मल्हारराव होळकर. ग्रंथालयाच्या प्रतीत मल्हाररावांच्या एका प्रसंगापाशी कोणा जुन्या सभासदाने पेन्सिलीने दोनच शब्द लिहिले आहेत : ‘पुण्याचे मत’. त्यांची लाज वाटली आणि गंमतही. होळकरांच्या चाकरीत आलेल्या घराण्यांचे दुखणे त्या दोन शब्दांत आहे. मल्हारराव त्या दिवशी आपली फौज घेऊन रणातून निघाले, हे खरे. नजीबखानाला त्यांनी पूर्वी पाठीशी घातले, हेही खरे. परंतु त्या वेळी नजीब संपला तर पेशवे आम्हांला धोतरे धुवावयास लावतील, असे ते म्हणाल्याची जी गोष्ट सांगतात, ती आमच्या घरातही पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. ज्यांचे मीठ खाल्ले त्यांच्यावरचा आरोप आम्हीच हौसेने सांगत आलो!

कादंबरीवरून बोलणे निघाले असता ती गोष्ट आम्ही धाकट्या नातवाला सांगितली. त्याने विचारले, “आबा, हे ते कोणाला म्हणाले? ऐकलं कोणी?” आम्हांला उत्तर देता येईना. बखरीत आहे, एवढे म्हणालो. बखर म्हणजे काय, हा पुढचा प्रश्न आला. बखर हे पत्र नव्हे. घडून गेल्यावर, कोणाची तरी बाजू घेऊन, रंगवून सांगितलेली ती हकीकत, असे समजावीत असता आमच्या लक्षात आले की हे वर्णन कादंबरीलाही लागू पडते. फरक एवढाच की कादंबरी तसे पुठ्ठ्यावरच कबूल करते. दोष आमचा, की आम्ही ते कबूल करणे विसरलो आणि आमच्या घराची आठवण म्हणून तिच्यातले प्रसंग मुलांना दिले. मल्हाररावांनी पानिपतानंतरच्या पाच वर्षांत उत्तरेत मराठ्यांचा जम पुन्हा बसवण्यासाठी जी खटपट केली, तिची गोष्ट आमच्या घरात कोणी सांगत नाही. १७६६ साली आलमपूरला ते वारले. तेथील छत्री आमच्यापैकी किती जणांनी पाहिली आहे?

‘झुंज’ शेवटी वाचली, जाणूनबुजून. इतिहासाने ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांना बोलू द्यावे, ही इनामदारांची आवड. दुसरे बाजीराव, त्रिंबकजी डेंगळे, औरंगजेब हे त्यांचे नायक. यशवंतराव होळकर त्याच पंक्तीतले. भाऊ विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायी दिले, आणि पुढच्या वर्षी २५ ऑक्टोबर १८०२ रोजी, ऐन दिवाळीत, यशवंतरावांनी हडपसरला शिंदे-पेशव्यांच्या फौजा मोडल्या. बाजीराव पळाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस वसईला इंग्रजांशी तह करून बसले. पुण्याच्या नातलगांकडे ही हकीकत होळकरांच्या लुटीपासून सुरू होते, आमच्याकडे विठोजीपासून. कादंबरी आमच्या बाजूने सुरू होते, म्हणून ती आम्हांला जवळची वाटली, आणि म्हणूनच तिच्यावर थोडा कमी विश्वास ठेवावा असेही वाटले. ‘पुण्याचे मत’ लिहिणाऱ्या सभासदाने या प्रतीत कोठेही पेन्सिल उचललेली नाही, हे विशेष!

उणीव सांगावयाची तर लेखणी नायकाच्या घोड्यामागे धावते. मुक्काम हलला की मागे राहिलेली माणसे पानावरून नाहीशी होतात. महेश्वरी थांबलेला फडणीस, छावणीतून परत न आलेल्या कारकुनाची बायको, मोडीत जमाखर्च लिहिता लिहिता येथेच घर बांधून राहिलेला कोणी कोकणस्थ किंवा देशस्थ, यांच्यासाठी या चारही कादंबऱ्यांत फारशी जागा नाही. लोकप्रिय कादंबरीला नायक लागतो आणि नायकाला पुणे किंवा रणांगण लागते, हे आम्ही समजू शकतो. पण आमचे पूर्वज नेमके त्या दोहोंच्या मधल्या वाटेवर उतरले. त्यांची कादंबरी लिहिण्याइतके साहित्य घरोघरच्या ट्रंकांत होते. पुष्कळसे वाळवीने खाल्ले, काही आम्हीच घर बदलताना टाकले. आमच्या माळ्यावरची मोडीची दोन बाडे अजून आहेत. ती वाचता येणारा घरात कोणी उरलेला नाही.

‘झुंज’ची मुदत संपली होती, ती आम्ही वाढवून घेतली. नातवाला भानपुऱ्याची यशवंतरावांची छत्री पाहावयाची आहे, आणि त्याच्या आधी पुस्तक वाचले पाहिजे का, असे तो विचारतो आहे. आधी छत्री पाहा, असे आम्ही सांगितले.