‘गावावर’ राहिलेली मैना : महानगरविषयक द्विधा भावाचा विचार

मुंबईविषयक मराठी शाहिरीचा विचार करताना पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) आणि अण्णाभाऊ साठे (१९२०–१९६९) यांच्या लावण्या समोरासमोर ठेवण्याचा प्रघात आहे. पहिल्यांत नगरीच्या वैभवाचे नवल, दुसऱ्यांत तेथील विषमतेचे दर्शन. दोघेही शाहीर वाळवा तालुक्यातले, ही गोष्ट या तुलनेस पोषकच ठरते. तथापि कौतुक आणि निषेध अशी वाटणी केल्याने द्विधा भावाचे स्वरूप उलगडत नाही; कारण तो दोन कवींत विभागलेला नसून एकाच मनात नांदत असतो.

त्याचे खरे स्थान अण्णाभाऊंच्या ‘माझी मैना गावावर राहिली’ या छकडीत आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील ही रचना पत्नीच्या विरहापासून निघून खंडित महाराष्ट्राच्या दुःखापर्यंत जाते. त्यामुळे मैना म्हणजे दुरावलेला सीमाभाग, असा अर्थ सर्रास लावला जातो. तो चुकीचा नाही. मात्र तेवढाच स्वीकारला तर मागे राहिलेली स्त्री केवळ रूपकाची सामग्री उरते.

या ठिकाणी शीर्षकातील ‘वर’ हे शब्दयोगी अव्यय लक्षात घेण्याजोगे आहे. ‘गावी’ म्हटले असते तर आपलेपणाचे ठिकाण सूचित झाले असते. ‘वर’ हे अव्यय मराठीत ‘शेतावर’, ‘कामावर’, ‘चौकीवर’ असे श्रमाच्या वा पहाऱ्याच्या जागेला लागते. वाळव्याच्या बोलीत हा प्रयोग सहज असेल, असा आक्षेप संभवतो. परंतु सहज प्रयोगही अर्थशून्य नसतो. मैना गावात नुसती उरलेली नाही. ती तेथे जणू नेमलेली आहे. पुरुष गिरणीवर, स्त्री गावावर, अशी ही श्रमाची विभागणी होय.

बीड जिल्ह्याच्या अनुभवाशी हे ताडून पाहणे उद्बोधक ठरते. १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात असलेला हा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. मुंबईचे आकर्षण येथे पिढीजात नव्हे. येथील ऊसतोड मजूर हंगामात ‘कारखान्यावर’ जातो तो पत्नीसह. पतिपत्नींच्या जोडीलाच ‘कोयता’ म्हणतात. या स्थलांतरात मैना मागे राहत नाही, मागे राहतात ती म्हातारी माणसे आणि पुष्कळदा मुले. तिच्या वाट्याला विरहाऐवजी फडातले कष्ट येतात. साहजिकच बीडच्या वाचकाला या छकडीतील विरह हा दारिद्र्याचा एकमेव चेहरा वाटत नाही.

अण्णाभाऊंचे सामर्थ्य असे की, जी मुंबई कामगाराला त्याच्या माणसांपासून तोडते, तिच्यावरच तो हक्क सांगतो. नगरीचे दुःख आणि नगरीची मागणी एकाच तोंडी येतात. १९६० मध्ये मुंबई महाराष्ट्राला मिळाली. मैनेचा प्रश्न तेवढ्याने सुटला नाही. समीक्षेने रूपक उलगडताना ही बाकी विसरू नये.